घमेल्यातलं लोणार : विज्ञान कसं चालतं ते स्वतः करून बघण्यासाठी

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेलात आणि काठावर उभे राहिलात, की खाली एक भलीमोठी वाटी दिसते. सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल, आणि जवळजवळ गोल. तळाशी खारं पाणी. तिथे गेलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच पडतो : एवढा खड्डा केला कुणी?

गावातली जुनी कथा सांगते, की इथे जमिनीखाली लवणासुर दडून बसला होता आणि विष्णूने वरचं झाकण उडवून त्याला मारलं. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं सुंदर देऊळ याच कथेशी जोडलेलं आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 मध्ये या जागेची नोंद केली. पुढे भूवैज्ञानिक आले आणि त्यांनी सांगितलं, की हे ज्वालामुखीचं काम. आज पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं, की आकाशातून अशनी येऊन आदळली आणि हे विवर झालं.

ज्वालामुखीपासून अशनीपर्यंत यायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला. पुस्तकात मात्र ते सगळं एका ओळीत उरकलेलं असतं, आणि मग मुलांना वाटतं की शास्त्रज्ञ म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली माणसं. मला तो मधला काळ दाखवायचा आहे. हे लिखाण सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आहे, आणि नुसतं वाचण्यासाठी नाही. शेजारी घमेलं ठेवून वाचा.

काय काय लागेल

एक घमेलं किंवा पसरट टब. त्यात आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा थर होईल एवढी कोरडी, चाळलेली वाळू. दोन-तीन काचेच्या गोट्या. मोजपट्टी, शिंप्याची टेप, चहाची गाळणी, थोडी रंगीत रांगोळी. वही आणि पेन. पेन मुद्दाम म्हणते आहे, पेन्सिल नाही. कारण पुढे कळेल.

सगळं घमेलं रांगोळीनेच भरायचा मोह होईल, पण तो आवरा. तिची धूळ उडते आणि नाकातोंडात जाते. वाळूवर गाळणीने रांगोळीचा एक पातळ थर भुरभुरवला की पुरे. गोटी पडल्यावर खालची वाळू वर येते आणि रंगीत थरावर तिचे फराटे उमटतात, ते बघण्यासारखे असतात. नाकाला रुमाल बांधा आणि अंगणात किंवा गच्चीवर बसा. घरात केलंत तर झाडूही तुम्हालाच मारावा लागेल.

पायरी 1 : प्रश्न लहान करा

"लोणारचं विवर कसं झालं?" हा प्रश्न चांगला आहे, पण तो घमेल्यात मावत नाही. विज्ञानातलं अर्धं कौशल्य मोठा प्रश्न फोडून हातात मावेल एवढा करण्यात असतं. बाजारातून आणलेला अख्खा फणस जसा आपण तसाच खायला बसत नाही, तसंच.

आपला लहान प्रश्न असा : गोटी जास्त उंचीवरून सोडली, तर खड्ड्याची रुंदी किती वाढते?

यात एक गोष्ट आपण बदलणार (उंची) आणि एक मोजणार (रुंदी). दोन्हींना टेप लावता येते. "खड्डा जास्त भारी होतो का?" असं विचारलं असतं तर अडकलो असतो, कारण भारीपणा मोजायची टेप मिळत नाही. आपला प्रश्न कागदावर लिहा आणि बघा, उत्तर आकड्यात येऊ शकतं का. येत नसेल तर प्रश्न आणखी घासा.

पायरी 2 : अंदाज आधी, आणि पेनाने

पुस्तकात याला गृहीतक म्हणतात. मला हा शब्द फारसा पटत नाही. आपण रोज बोलताना "तू मला गृहीत धरतोस" म्हणतो, म्हणजे न विचारता, न तपासता धरून चालतोस. विज्ञानातलं गृहीतक याच्या अगदी उलट वागतं. ते मांडायचंच तपासण्यासाठी, आणि जमलं तर मोडण्यासाठी. अभ्युपगम असा दुसरा शब्द आहे, पण तो उच्चारेपर्यंत प्रयोग संपतो. म्हणून आपण इथे "तपासायचा अंदाज" म्हणू.

वहीत हे वाक्य लिहा आणि रिकामी जागा भरा :

"गोटी 25 सेंटिमीटरऐवजी 100 सेंटिमीटरवरून सोडली, म्हणजे उंची चौपट केली, तर खड्ड्याची रुंदी ____ पट होईल, कारण ____."

"कारण" सोडू नका. नुसता आकडा म्हणजे मटका, कारणासकट आकडा म्हणजे अंदाज. मी सुट्टीत मुलांकडून हा प्रयोग करून घेते तेव्हा बहुतेक जण लिहितात : "चौपट, कारण जोर चौपट." काही जण दुप्पट लिहितात. काय लिहिलंय यापेक्षा ते गोटी सोडायच्या आधी लिहिलंय हे मोलाचं. उत्तर बघितल्यावर प्रत्येकाला वाटतं, "मला माहीतच होतं." पेनाने लिहिलेला अंदाज या थापेपासून आपल्याला वाचवतो.

पायरी 3 : एकच गोष्ट बदला, बाकी सगळं बांधून ठेवा

गोटी तीच. वाळू तीच. प्रत्येक वेळी पट्टीने वाळू सपाट करायची, आणि सारख्याच पद्धतीने, कारण दाबून बसवलेली वाळू आणि नुसती पसरलेली वाळू वेगळं वागतात. गोटी फेकायची नाही, बोटांच्या चिमटीतून अलगद सुटू द्यायची. घमेल्याच्या मध्यावर पाडायची, कडेला नाही.

आमच्या गटात एकदा गंमत झाली. चार टोळ्या प्रयोग करत होत्या. तिघींचे आकडे जवळजवळ, चौथीचे खड्डे मात्र अरुंद आणि खोल, कडा सरळ उभ्या. अर्धा तास त्या मुलांना सगळे चिडवत होते, की तुम्हाला मोजता येत नाही. शेवटी एका मुलीने वाळूत हात घातला. ती दमट होती. रात्रीच्या पावसात त्यांचं पोतं उघडं राहिलं होतं. मोजमाप चोख होतं, पण उंचीबरोबर ओलही बदलली होती आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशीचा सगळ्यांत चांगला पुढचा प्रश्न त्याच टोळीला मिळाला : पाणी किती घातलं की खड्डा किती बदलतो?

पायरी 4 : मोजा, मग परत मोजा

उंची 25, 50 आणि 100 सेंटिमीटर. प्रत्येक उंचीवरून पाच वेळा. खड्ड्याची रुंदी कडेच्या उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंत मोजा. गोटी आतच राहू द्या, काढायला गेलात तर कडा ढासळते. असे पंधरा आकडे होतील.

समजा, 25 सेंटिमीटरच्या पाच आकड्यांपैकी चार 4.1, 4.3, 4.2 आणि 4.2 आले, आणि पाचवा 5.6. आता काय करायचं?

इथे खरी परीक्षा असते. शाळेच्या जर्नलमध्ये आपण काय करतो ते मलाही ठाऊक आहे. शेजारच्याकडे डोकवायचं, 5.6 खोडायचं आणि 4.2 लिहायचं. किंवा त्याहून वाईट, आधी उत्तर आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं. विज्ञानात यापेक्षा मोठा गुन्हा नाही, आणि तो आपल्याला शाळेतच सवयीचा होतो हे मला खुपतं.

5.6 वहीत राहू द्या. शेजारी लिहा : "सोडताना हात हलला? वाळू सपाट होती का?" हात हलल्याचं खरंच आठवत असेल तर तशी नोंद करून तो आकडा बाजूला ठेवता येतो. आठवत नसेल तर तो धरावा लागतो. पाचही आकड्यांची सरासरी 4.48 येते, तो वगळला तर 4.2. दोन्ही लिहा. आणखी पाच वेळा गोटी सोडा आणि तसा आकडा पुन्हा येतो का बघा. एकदाच आलेला विचित्र आकडा बहुधा चूक असतो. वारंवार येणारा विचित्र आकडा ही मेजवानी असते.

पायरी 5 : अंदाज आणि आकडे शेजारी ठेवा

आलेख कागद असेल तर उंची आडव्या अक्षावर आणि रुंदी उभ्या अक्षावर घेऊन ठिपके मांडा. रेघ वर चढते, पण चढता चढता वाकते. उंची चौपट केली तरी रुंदी चौपट होत नाही, दुप्पटही होत नाही. कोरड्या वाळूत ती दीडपटीच्या आतबाहेर राहते.

म्हणजे "चौपट, कारण जोर चौपट" हा अंदाज मोडला. छान. आता "का" शोधायचं.

खड्डा दुप्पट रुंद करायचा, तर तो खोलही साधारण दुप्पट होतो. लांबी, रुंदी, खोली तिन्ही दुप्पट, म्हणजे आठपट वाळू बाहेर काढावी लागते. शिवाय ती वाळू दुप्पट उंच उचलून कडेबाहेर टाकायची. आठ दुणे सोळा. रुंदी दुप्पट करायला गोटीला सोळापट काम पडतं!

हे स्पष्टीकरण बरोबर आहे कशावरून? ऐकायला गोड लागतं म्हणून नाही. ते एक नवं, अजून न बघितलेलं भाकीत करतं म्हणून त्याची परीक्षा घेता येते. उंची जितकी पट, तितकी पट गोटीची काम करायची ताकद. म्हणून सोळापट कामासाठी उंचीही सोळापट हवी, आणि 25 सेंटिमीटरच्या सोळापट म्हणजे 4 मीटर. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, मोठं माणूस सोबत घेऊन आणि खाली कुणी उभं नाही हे बघून, गोटी सोडा. रुंदी 25 सेंटिमीटरवाल्या खड्ड्याच्या दुपटीजवळ यायला हवी. नेम लागायला आठ-दहा फेऱ्या जातात आणि एखादी गोटी घमेल्याच्या काठावर आपटून अंगणात हरवते, हे आधीच सांगून ठेवते.

पायरी 6 : काळजीपूर्वक काम करूनही चुकता येतं, ते कसं ते बघा

आता घमेलं जरा बाजूला ठेवा. ही गोष्ट मला सगळ्यांत आवडते.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात वाळवंटात एक विवर आहे, लोणारपेक्षा लहान, सुमारे 1.2 किलोमीटर रुंद. आजूबाजूला लोखंडाचे अशनीतुकडे सापडत होते. 1891 मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट तिथे गेले. हे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले फार मोठे भूवैज्ञानिक. त्यांच्यासमोर दोन अंदाज होते. एक, मोठी लोखंडी अशनी पडून जमिनीत रुतली. दुसरा, जमिनीखाली वाफ कोंडून स्फोट झाला.

गिल्बर्टनी आपण पायरी 2 मध्ये केलं तेच केलं. अशनी खाली गाडली गेली असेल, तर दोन गोष्टी दिसायला हव्यात असं आधी ठरवलं. एक म्हणजे एवढ्या लोखंडामुळे चुंबकसुई तिथे हलायला हवी. दुसरी, खड्ड्यात अशनीने जागा अडवली असल्यामुळे काठावर साचलेला दगडमातीचा ढीग खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरायला हवा. दोन्ही मोजलं. सुई हलली नाही. ढीग आणि पोकळी सारखी भरली. म्हणून त्यांनी निकाल दिला : अशनी नाही, वाफेचा स्फोट.

1896 मध्ये त्यांचा या विषयावरचा निबंध छापून आला. विषय होता, अंदाज मुळात सुचतात कुठून. आणि त्या निबंधात, ॲरिझोनाच्या विवरासारखं दिसणारं दुसरं विवर म्हणून त्यांनी आपल्या लोणारचं नाव घेतलं!

गिल्बर्टचा निकाल चुकीचा होता. मोजमाप चोख, तर्क सरळ, तरी चुकला. कारण त्यांच्या तर्काच्या तळाशी एक गोष्ट न तपासता बसली होती : अशनी आदळल्यावर आतच, अख्खी, शिल्लक राहते. (हेच ते रोजच्या बोलण्यातलं "गृहीत धरणं".)

गंमत म्हणजे त्यांच्या विरोधकाचीही हीच फसगत झाली. डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाण व्यावसायिकाला खात्री होती, की हे अशनीनेच केलंय. 1903 पासून पंचवीसएक वर्षं त्याने तिथे लोखंडासाठी खणलं, पैसा ओतला, आणि गाडलेला लोखंडाचा गोळा काही मिळाला नाही. गिल्बर्टचं उत्तर चूक, बॅरिंजरचं बरोबर, आणि दोघांच्या डोक्यात तेच खोटं चित्र. माझ्या मते या दोघांत वैज्ञानिक म्हणून गिल्बर्ट सरस. त्यांनी आपला निकाल कशावर उभा आहे ते उघड मांडून ठेवलं, म्हणून पुढच्यांना नेमकी कुठली वीट काढायची ते कळलं.

पायरी 7 : तुमचं घमेलं कुठे खोटं बोलतं ते शोधा

ती वीट कुठली, ते आपल्या गोटीवरूनच समजतं. एक मीटरवरून सोडलेली गोटी वाळूला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या आत असतो. अवकाशातून येणारा दगड वातावरणात शिरतो तो सेकंदाला निदान 11 किलोमीटर वेगाने. मोठा दगड असेल तर हवा त्याला फारसं रोखू शकत नाही. अशा वेगाने आदळल्यावर दगड रुतून बसत नाही. तो स्वतःच फुटतो, वितळतो, त्याची वाफ होते आणि जणू बॉम्ब फुटावा तसा स्फोट होतो. ॲरिझोनात आदळलेला गोळा सुमारे 50 मीटरचा होता असं मानतात. विवर मात्र 1.2 किलोमीटरचं. गाडलेलं लोखंड बॅरिंजरला सापडणार कुठून?

तुमच्या घमेल्यात गोटी अख्खी राहते. म्हणजे आपलं घमेलं खड्ड्याच्या आकाराबद्दल थोडं खरं सांगतं, पण अशनीचं पुढे काय झालं याबद्दल साफ चुकीचं सांगतं. प्रत्येक नमुना-प्रयोगाचं असंच असतं. वहीत एक पान "घमेलं काय सांगू शकत नाही" यासाठी ठेवा. हवं तर गोटी तिरकी सोडून बघा, फार तिरकी सोडली की खड्डा लांबट होऊ लागतो. अवकाशातले दगड तर बहुतेक तिरकेच येतात, तरी विवरं गोल. चंद्रावरची विवरं अशनींची नाहीत असं म्हणणाऱ्यांचा हा एक मोठा मुद्दा होता. स्फोट ध्यानात घेतला की हा मुद्दा गळून पडतो, कारण स्फोट सगळ्या दिशांना सारखाच ढकलतो.

पायरी 8 : फक्त तुमच्याच उत्तरात दिसेल अशी खूण शोधा

स्फोटाने विवर झालं म्हटलं, तरी वाफेचा स्फोट की अशनीचा, हे भांडण उरलंच. दोन्ही बाजूंना मान्य असलेला पुरावा इथे कामाचा नसतो. खड्डा गोल आहे? दोघंही म्हणतात, असणारच. हवी अशी खूण, जी फक्त अशनीच सोडू शकते.

ती आली प्रयोगशाळेतून. 1953 मध्ये लोरिंग कोज या रसायनशास्त्रज्ञाने प्रचंड दाबाखाली वाळूच्याच घटकापासून, सिलिकापासून, एक नवं खनिज तयार केलं. पुढे त्याला कोएसाइट म्हणू लागले. जमिनीच्या वरच्या थरात कुठलीही वाफ एवढा दाब आणू शकत नाही. 1960 मध्ये एडवर्ड चाओ आणि युजीन शूमेकर यांच्या गटाला ते खनिज ॲरिझोनाच्या विवरात सापडलं. भांडण मिटलं.

मग लोणारचं काय? इथे अडचण होती. कोएसाइटला क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचं स्फटिक, लागतं आणि आपला सह्याद्री-विदर्भाचा काळा दगड, बेसॉल्ट, त्या बाबतीत गरीब. ॲरिझोनाची खूण इथे चालणार नव्हती. ज्वालामुखीच्या बाजूलाही कोडी होतीच : दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विवर त्या मानाने एवढं ताजं, की कडा अजून शाबूत. ज्वालामुखी थंडावून कोट्यवधी वर्षं झाल्यावर हा एकटाच स्फोट कुठून आला?

1964 मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी लोणारवर एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात लोणार हे अशनी-विवर असल्याचं म्हटलंय आणि शेवटी प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह मला फार आवडतं. पुरावा तेवढाच होता, म्हणून दावाही तेवढाच.

1973 मध्ये प्रश्नचिन्ह गेलं. फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी विवराच्या तळात भोकं पाडून, गाळाखालचे दगड वर काढून तपासले होते. त्यात मस्केलिनाइट निघालं. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाला जबरदस्त धक्का बसला की त्याचे स्फटिक मोडतात आणि न वितळताच त्याची काच होते, ती ही. मस्केलिनाइटची ओळखही मुळात भारतात पडलेल्या एका दगडातून झालेली : 1865 मध्ये बिहारमधल्या शेरघाटीजवळ पडलेली अशनी. ती मंगळावरून आली होती, हे तर आणखी शंभरेक वर्षांनी कळलं.

पायरी 9 : दुसऱ्याला मोडायला द्या

तुमची वही मित्राला द्या. तोंडी काही सांगू नका. नुसतं वाचून त्याला तोच प्रयोग त्याच्या घरी करता आला पाहिजे. तो दहा शंका काढेल. "सपाट म्हणजे किती?" "गोटी केवढी?" ती उत्तरं वहीत नसतील तर प्रयोग अर्धवट लिहिला आहे. शास्त्रज्ञ आपला लेख छापायच्या आधी त्याच विषयातल्या इतरांकडून असाच सोलून घेतात. छापल्यावर तर कुणीही सोलू शकतं.

लोणारचं वय बघा. 1997 मध्ये विवरातली काच तापवून तिच्यातून निघणाऱ्या उजेडावरून वय काढलं : सुमारे 52 हजार वर्षं. कित्येक पुस्तकांत हाच आकडा छापला गेला, अजूनही सापडेल. मग 2011 मध्ये दुसऱ्या गटाने, पोटॅशियमपासून दगडात तयार होणाऱ्या अरगॉन वायूवरून वय मोजलं. आलं 5 लाख 70 हजार वर्षं, अधिक-उणे 47 हजार. दहापटीहून जास्त फरक!

"म्हणजे शास्त्रज्ञांना काहीच माहीत नाही" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना विचारा, विवर अशनीचं आहे यावर दोन्ही गटांत वाद होता का? नव्हता. वाद घड्याळांचा आहे, आणि प्रत्येक घड्याळाच्या आपल्या खोडी असतात. काचेत साठलेला उजेड काळाच्या ओघात गळू शकतो, मग वय कमी दिसतं. जुन्या लाव्हातला अरगॉन आघातात पूर्ण निघून गेला नाही, तर वय जास्त दिसतं. म्हणून नुसता आकडा बघू नका, तो कुठल्या घड्याळाने दिला ते बघा. आणि ते "अधिक-उणे 47 हजार" वाचताना गाळू नका. तुमच्या पंधरा आकड्यांनाही असंच अधिक-उणे लावायला हरकत नाही.

"थिअरी" या शब्दाबद्दल थोडं

आपण बोलताना म्हणतो, "त्याची आपली वेगळीच थिअरी असते." म्हणजे मनात आलं ते. विज्ञानातला सिद्धांत असा कट्ट्यावर जन्मत नाही. जुनी निरीक्षणं, मोडलेले अंदाज, खरी ठरलेली भाकितं यांतून तो उभा राहतो. तो उद्या सुधारला जाऊ शकतो, पण सुधारायला पुरावा लागतो, आवाज नाही.

2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं. फोटो फिरू लागले आणि त्यांच्यासोबत थिअऱ्याही. लॉकडाऊनमुळे, प्रदूषण घटल्यामुळे, शेवाळामुळे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरही गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा त्यात खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव भरपूर निघाले. त्यांच्यातलं रंगद्रव्य गुलाबी असतं. शेवाळाचा अंदाज मूर्खपणाचा नव्हता, तांबड्या रंगाची शेवाळंही खाऱ्या पाण्यात असतात. तो नमुन्यासमोर टिकला नाही, एवढंच.

पुढचं काम

लोणारला गेलात तर काठावरून एकदा बघून परत फिरू नका. काठाबाहेर साधारण 700 मीटरवर अंबर तळं नावाचा एक लहान खळगा आहे, सुमारे 300 मीटर रुंद. मोठ्या अशनीचा एक तुकडा सुटून तिथे पडला असेल, असं काही संशोधकांनी सुचवलं. इतरांना तिथला पुरावा पुरेसा वाटत नाही. एकमत झालेलं नाही.

तिथे जायच्या आधी वहीचं नवं पान काढा, मधोमध रेघ मारा. एका बाजूला लिहा : अशनीचा असेल तर काय दिसायला हवं. दुसऱ्या बाजूला : नसेल तर काय दिसायला हवं. दोन्ही बाजूंना सारखंच दिसेल असं जे काही लिहिलं असेल, त्यावर काट मारा. आणि पेनच वापरा.